पाटीवरचे नाव : रावबहादूर सी. के. बोले

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला दरवर्षी आपण एखाद्या थोर व्यक्तीच्या कार्याचे स्मरण करतो. तथागत, परमपूज्य बाबासाहेब, महात्मा फुले, सावित्रीमाई, शाहू महाराज, माता रमाई यांच्यावर या जागी अनेक विद्वान बोलून गेले. या वर्षी कार्यकारिणीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही एक नाव सांगितले. क्षणभर सगळे गप्प. मग कोपऱ्यातून आवाज आला, "म्हणजे बोले रोडचे बोले का?"

होय, तेच. बोले रोडचे बोले.

आता बघा, परळ, लालबाग, नायगाव, दादर इथला माणूस जन्मात एकदा तरी बोले रोडवरून गेलेला असतोच. दादरच्या पोर्तुगीज चर्चपाशी तो रस्ता लागतो. सिद्धिविनायक मंदिराच्या पत्त्यातही त्याचेच नाव आहे, एस. के. बोले मार्ग. मंगळवारी त्या रस्त्यावर रांगा लागतात. सहा डिसेंबरला आपले लाखो लोक तिथून थोड्याच अंतरावर चैत्यभूमीकडे जातात. पाटी सगळे वाचतात. पण हे एस. के. बोले कोण, असे आम्ही आमच्या विहाराच्या रविवारच्या वर्गात विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, नगरसेवक असतील. दुसरी मुलगी म्हणाली, बिल्डर! हसू आले, पण वाईटही वाटले. दोष मुलांचा नाही. आपण मोठ्यांनी कधी सांगितले नाही.

इंग्रजी पाटीवरचे एस. के. म्हणजे आपल्या मराठी पुस्तकांतले सी. के. सीताराम केशव बोले. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपण दरवर्षी वीस मार्चला सांगतो. त्या इतिहासात "बोले ठराव" असे दोन शब्द येतात आणि वक्ता झटकन पुढे जातो. आज आम्ही त्या दोन शब्दांपाशी जरा थांबणार आहोत.

बोले हे भंडारी समाजातले. कोकणातून आलेल्या कष्टकरी लोकांचा हा समाज मुंबईत दादर, माहीम, गिरगाव या भागांत पसरलेला आहे. ब्राह्मणेतर चळवळीच्या वाऱ्यात बोले वाढले. गिरण्यांच्या या परिसरात रावबहादूर नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांच्या प्रश्नाला पहिल्यांदा वाचा फोडली होती. ते काम पुढे नेणाऱ्यांत बोले होते. १९०९-१० च्या सुमारास कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या संस्थापकांत बोल्यांचे नाव आहे. या सभेचा मार्ग संपाचा नव्हता. अर्ज, विनंत्या, मालकाशी बोलणी, तडजोड असा होता. पुढच्या काळात लाल बावट्याच्या मंडळींना हा मार्ग मवाळ वाटला, आणि तो मवाळ होताच. पण ज्या काळात जॉबरच्या मर्जीवर माणसाची भाकरी अवलंबून होती, त्या काळात कामगाराच्या बाजूने अर्ज लिहायलासुद्धा कोणी लागत होते, हे विसरून चालणार नाही.

पण बोल्यांचा आपल्याशी संबंध त्याच्याही आधीचा आहे. धनंजय कीरांच्या चरित्रात ही हकीकत आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्या दिवसांत आपल्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणे म्हणजे केवढी गोष्ट! परळच्या चाळीत राहणाऱ्या सुभेदार रामजींच्या या मुलाचा सत्कार करायचे ठरले. त्या सभेच्या अध्यक्षस्थानी होते सी. के. बोले. आणि त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. हे केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलचे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा त्यांनी हेरला होता, ही गोष्ट तुम्हा सर्वांना पाठ आहे. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत हा सत्कार इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा सांगितला आहे. वडील सत्काराला तयार नव्हते, मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणत होते, हेही त्यांनीच लिहिले आहे. चौथी की मॅट्रिक हा वाद अभ्यासकांनी मिटवावा. पुस्तक हाती पडले ते त्याच सत्काराच्या सभेत, याबद्दल दुमत नाही. आज या विहारात आपण बुद्धमूर्तीसमोर बसलो आहोत, त्या वाटेचा पहिला दगड तिथे पडला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या सभेच्या खुर्चीवर बोले बसले होते. पुढे सोळा वर्षांनी त्यांच्या हातून काय होणार आहे, हे त्यांनाही तेव्हा माहीत नसणार.

आता १९२३ सालाकडे येऊ.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल मोठे झाले, निवडून आलेल्या सभासदांचे त्यात बहुमत झाले. पण मत कोणाला? ज्याच्याकडे मालमत्ता, जो सारा किंवा कर भरतो, त्याला. अस्पृश्य समाजाला मतांच्या जोरावर कौन्सिलात जाण्याची वाट जवळजवळ बंद होती. सरकार नेमील तो एखादा सभासद. त्या वेळी मूकनायकाचे संपादक राहिलेले ज्ञानदेव घोलप तसे नेमलेले सभासद होते. बाबासाहेब त्याच वर्षी विलायतेहून शिक्षण संपवून परतले होते. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत त्यांचा संसार होता. कौन्सिलात ते १९२७ साली गेले. म्हणजे १९२३ साली त्या सभागृहात आपला आवाज जवळपास नव्हताच. दुसऱ्याने आपला आवाज करायला हवा होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव कौन्सिलने मंजूर केला. त्याचा आशय आम्ही साध्या भाषेत सांगतो. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या मंडळांच्या ताब्यातली अशी सर्व ठिकाणे अस्पृश्यांना वापरू द्यावीत. सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही त्यांना खुले असावेत.

बंधूंनो, हा ठराव नीट ऐकला का? यात "बिचाऱ्या अस्पृश्यांवर दया करा" असे कुठे आहे? "हिंदू धर्माला शोभत नाही" असे कुठे आहे? शास्त्रात काय सांगितले, पूर्वजन्मीचे काय पाप, काही नाही. ठराव विचारतो एकच गोष्ट : ही विहीर कोणाच्या पैशाने बांधली? सर्वांच्या पैशाने बांधली असेल तर ती सर्वांची. विषय संपला. त्या काळात अस्पृश्योद्धाराची भाषणे करणारे पुष्कळ होते. परिषदा होत, टाळ्या पडत, सहभोजनाचे फोटो निघत. ती मंडळी हृदयपरिवर्तनाची वाट पाहत होती. बोल्यांनी हृदयाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि हिशेबाची वही उघडली. आम्हाला त्यांचे मोठेपण यात दिसते. भूतदया मागायला गेले की देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. हिशेब मागायला गेले की दोघे समोरासमोर उभे राहतात.

आमच्या आजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या. त्यांच्या लहानपणीची गोष्ट त्या सांगत. गावच्या विहिरीवर रहाटाजवळ जायचे नाही. खालच्या अंगाला कळशी ठेवून बसायचे. कोणी वरच्या आळीची बाई आली, तिच्या मनात आले, तर ती वरून पाणी ओतणार. कधी अर्धा तास, कधी दोन तास. कधी सकाळची दुपार होई. आजी म्हणायच्या, "तहानेपेक्षा वाट बघण्याचा राग यायचा." ती विहीर गावाच्या पाटलाने स्वतःच्या खिशातून बांधलेली नव्हती, बोर्डाच्या पैशातून झाली होती. पण हे आजींना कोणी सांगितले नव्हते. मुंबईत बोल्यांचा ठराव होऊन गेला होता आणि आजी कळशी घेऊन बसून होत्या. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या.

असे का झाले? त्याचे उत्तर सरकारी कागदातच आहे. कौन्सिलचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, ती सरकारला केलेली शिफारस. ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने त्यावर हुकूम काढला. सरकारच्या मालकीच्या जागा आणि संस्थांपुरती खातेप्रमुखांनी अंमलबजावणी करावी, असे त्यात सांगितले. इथपर्यंत ठीक. पण गावोगावच्या विहिरी आणि तळी सरकारच्या ताब्यात थोडीच होती? ती म्युनिसिपालट्यांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताब्यात. त्यांच्याबाबत काय? तर कलेक्टरांनी त्या मंडळांना ठरावाची शिफारस स्वीकारणे इष्ट आहे की कसे, याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा! बघा, किती पायऱ्या झाल्या. करा असे नाही, करावे असेही नाही. करणे बरे की नाही याचा विचार करा, असा सल्ला. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. कागद निघतो, पण त्याला दात नसतात.

बोल्यांनी हे ओळखले. आमच्या मते त्यांच्या कामाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि आपल्या भाषणांत तो येतच नाही. एकदा ठराव मंजूर झाला, वर्तमानपत्रात नाव आले, रावबहादुरकी होतीच, दुसरा कोणी असता तर हार गळ्यात घालून घरी बसला असता. बोले बसले नाहीत. तीन वर्षे वाट पाहून ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात पुन्हा ठराव आणला : ज्या म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डे आधीच्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. म्हणजे पुन्हा हिशेबाचीच वही! सरकारी पैसा हवा ना, मग सरकारी ठराव पाळा. धर्माभिमान दाखवायचा असेल तर स्वतःच्या पैशाने दाखवा.

त्याच १९२६ सालची दादरची एक गोष्ट आहे. दादरचा सार्वजनिक गणेशोत्सव. आता विहारात गणपतीची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. आपला त्या पूजेशी आज संबंध नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेले आपण लोक. पण तेव्हाचा झगडा मूर्तीसाठी नव्हता, "सार्वजनिक" या शब्दासाठी होता. उत्सव सार्वजनिक म्हणवतो, मग अस्पृश्य माणसाला पूजेचा हक्क का नाही, असा सवाल प्रबोधनकार ठाकऱ्यांनी उभा केला. त्यांच्याबरोबर रावबहादूर बोले होते आणि बाबासाहेबही होते. मंडपात मोठी खडाजंगी झाली, शेवटी तडजोड निघाली. प्रबोधनकारांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग त्यांच्या खास ठसक्यात सांगितला आहे, मुळातून वाचावा. आम्हाला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की बोले कौन्सिलात एक आणि गल्लीत दुसरे असे नव्हते. कौन्सिलात ठराव मांडणे त्या मानाने सोपे असते. आपल्याच वस्तीत, रोज ज्यांच्याशी रामराम होतो त्या शेजाऱ्यांसमोर उभे राहणे फार कठीण.

आता महाड. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने बोले ठरावाला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरबानाना टिपणीसांचा त्यात मोठा वाटा. पण तळे खुले झाले ते कागदावर. एकही अस्पृश्य त्या पाण्याकडे फिरकू शकला नाही. तीन वर्षे तो कागद नगरपालिकेच्या दप्तरात पडून राहिला. मग १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे अशा मंडळींनी राबून ती उभी केली. आणि २० मार्चला हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागून रांगेने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. पुढचे सगळे तुम्हाला माहीत आहे : वीरेश्वराच्या देवळात शिरणार ही अफवा, परतणाऱ्या लोकांवर लाठ्या, आणि नंतर गोमूत्र, शेण, दही यांच्या घागरी ओतून केलेले तळ्याचे शुद्धीकरण. गुरे पाणी पीत तेव्हा तळे बाटत नव्हते!

काही वक्ते सांगतात, बाबासाहेबांनी महाडला कायदा मोडला. बंधूंनो, हे साफ चुकीचे आहे. बाबासाहेब कायदा मोडायला गेले नव्हते, ठराव अंमलात आणायला गेले होते. कौन्सिलचा ठराव त्यांच्या बाजूने, सरकारचा हुकूम त्यांच्या बाजूने, नगरपालिकेचा ठराव त्यांच्या बाजूने. बेकायदा वागले ते लाठ्या घेऊन आलेले. हा भक्कम पाया कोणी घातला होता? बोल्यांच्या ठरावाने. आणि त्या पायावर पाऊल कोणी ठेवले? आपल्या आजे-पणज्यांनी. ठराव नसता तर महाडच्या लोकांना दंगलखोर ठरवणे सोपे गेले असते. आणि महाड झाले नसते तर बोले ठराव आज कोणाच्या लक्षात राहिला असता? कौन्सिलच्या जुन्या कामकाजाच्या बाडात वाळवी खात पडला असता.

इतिहास कधी कधी क्रूर थट्टा करतो. महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला, तो दिवस होता ४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली तो दिवस! मग डिसेंबरातली दुसरी परिषद, कोर्टाची तात्पुरती मनाई, २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कोर्टाच्या फेऱ्या. तळे ही आमची खासगी मिळकत आहे, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची आमची अनादी कालापासूनची वहिवाट आहे, असा विरुद्ध पक्षाचा दावा. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तो फेटाळला. अशी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. ओंजळभर पाण्यासाठी कोर्टात दहा वर्षे लागली.

इथे गिरणगावातही तेच चालू होते, हेही मुलांनो ऐका. ज्या गिरण्यांत तुमच्या पणजोबांनी घाम गाळला, त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार हातात घेणार नाही. जास्त पगार विणकामात. म्हणजे विटाळ मानायचा त्यांनी आणि पगार कमी घ्यायचा आपण. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. कामगार-कामगार भाई-भाई म्हणणाऱ्यांनाही तो सहज पचला नाही.

या सगळ्याची जगाच्या इतिहासाशी तुलना करून बघा. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या काळ्या बाईने बसमधली जागा सोडायला नकार दिला तो दिवस १ डिसेंबर १९५५. भाडे सारखेच भरायचे, पण गोरा माणूस आला की उठायचे. तिथेही प्रश्न तोच होता, पैसे सर्वांचे आणि जागा कोणाची? त्यांचा नागरी हक्कांचा कायदा झाला १९६४ साली. महाड त्या बसच्या अठ्ठावीस वर्षे आधी झाले. आपली मुले रोझा पार्क्सचे नाव शाळेत शिकतात, चांगले आहे. पण त्यांना बोले रोड कोणाचा हेही ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला अलीकडेच जाणवली. संविधानाचे कलम १५ आपण तोंडपाठ म्हणतो, पण त्याचे दुसरे उपकलम कधी सावकाश वाचले आहे का? विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक वापराच्या जागा, ज्या पूर्णपणे किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखल्या जातात, त्यांच्या वापराबाबत कोणालाही जातीच्या कारणावरून अडवता येणार नाही. राज्याच्या निधीतून! १९२३ चा ठराव एका हातात आणि हे उपकलम दुसऱ्या हातात धरून वाचा. शब्द जणू सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. फरक एवढाच की १९२३ साली तो सल्ला होता आणि २६ जानेवारी १९५० पासून तो हक्क झाला. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला, त्यालाच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात.

आता कोणी विचारील, आणि विचारावेच, की बोल्यांना एवढे डोक्यावर का घेता? ते बौद्ध झाले नाहीत. बाबासाहेबांची आणि त्यांची राजकारणाची वाट पुढे एक राहिली नाही. रावबहादूर हा तर इंग्रज सरकारचा किताब. खरे आहे. आम्ही त्यांची तसबीर बाबासाहेबांच्या शेजारी लावा असे म्हणत नाही. महाडचे श्रेय बोल्यांना देऊन टाकण्याची काही लोकांची जी युक्ती असते, म्हणजे "आम्हीच तुम्हाला पाणी दिले", तीही आम्हाला मान्य नाही. पाणी कोणी दिले नाही, ते घेतले गेले. पण ज्या सभागृहात आपण नव्हतो, तिथे उभे राहून ज्याने योग्य शब्द लिहून ठेवले, त्याचे नाव गाळणे हा काही बाबासाहेबांचा संस्कार नाही. केळुसकर गुरुजींची आठवण बाबासाहेबांनी अखेरच्या वर्षीही आदराने लिहिली, तेही कुठे बौद्ध होते?

शेवटी आमच्या स्वतःच्या अनुभवातले सांगतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाकडे, गावाचे नाव मुद्दाम घेत नाही, बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम करायचा होता. आमची वाडी लहान, पावसाळा तोंडावर, जागा नाही. गावात एक चांगले समाजमंदिर आहे. चावी ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ दर वेळी म्हणायचे, "बघू, मिटिंगमध्ये घेऊ." कधी दुरुस्ती चालू, कधी चावी हरवली. वाडीतली तरुण मुले चिडली, कुलूप तोडू म्हणाली. म्हातारी माणसे म्हणाली, नको रे बाबांनो, मुंबईकर निघून जातील, आम्हाला इथे राहायचे आहे. दोन्ही बाजूंचे खरे होते. आम्ही मुंबईहून गेलेले, मध्ये अडकलो.

तेव्हा आम्हाला बोल्यांची वही आठवली. भांडण कोणाशीच केले नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. विचारले एवढेच : सदर समाजमंदिर कोणत्या निधीतून बांधले, किती रक्कम मंजूर झाली, वापराच्या अटी काय, झेरॉक्स प्रती द्याव्यात. महिन्याभराने कागद आले. निधी पूर्ण सरकारी, वापर सर्व ग्रामस्थांसाठी. त्या कागदाच्या प्रती काढल्या, एक ग्रामपंचायतीला, एक त्या गृहस्थांना दिली. ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. काही बोलले नाहीत. चावी दुसऱ्या दिवशी एका पोराच्या हाती वाडीत आली.

कार्यक्रम झाला. आमच्या आत्याबाई, वय त्र्याऐंशी, त्या समाजमंदिरात पहिल्यांदाच गेल्या. घरापासून तीनशे पावलांवर होते ते. वंदना झाल्यावर त्या उठल्या आणि भिंतीला हात लावून सगळीकडून फिरून आल्या. त्यांना विचारले, काय बघताय? म्हणाल्या, "काय नाय रे, आतून कसं हाय ते बघते."

तर कार्यकारिणीने आमची एक सूचना मान्य केली आहे, ती जाहीर करतो. येत्या ४ ऑगस्टला संध्याकाळी सात वाजता रविवारच्या वर्गातली सर्व मुले पोर्तुगीज चर्चजवळ बोले रोडच्या पाटीखाली जमतील. हार-तुरे नाहीत, लाऊडस्पीकर नाही, पोलीस परवानगीची भानगड नको. एक मुलगा १९२३ चा ठराव वाचील, एक मुलगी कलम पंधराचे दुसरे उपकलम वाचील. पालकांनी छत्र्या आणाव्यात, त्या दिवसांत दादरला पाणी तुंबते.

नमो बुद्धाय. जय भीम.